फानेफ्योर चर्च

डेन्मार्कच्या मोन बेटावरील गॉथिक शैलीचे ग्रामीण चर्च. बेटाच्या नैर्ऋत्य भागात, खाडीलगत, शेतांच्या मधोमध ते उभे आहे. मूळ वास्तू 13व्या शतकाच्या मध्याची. गावाच्या मानाने ती फार मोठी आहे. मध्ययुगात या खाडीत हेरिंग मासळीचा मोठा बाजार भरे, त्यासाठी जमणाऱ्या लोकांचा विचार करूनच ती एवढी प्रशस्त बांधली असावी, असे मानले जाते.

बाहेरून चर्च साधे आहे : चुन्याने रंगवलेल्या पांढऱ्या भिंती, लाल छप्पर, टोकदार कमानी. खरे वैभव आत, छतावर आहे. मध्ययुगाच्या उत्तरार्धात डेन्मार्कमधील अनेक गावांच्या चर्चमध्ये सपाट लाकडी छताच्या जागी विटांची कमानदार छते आली. एकमेकींना छेदणाऱ्या फासळ्यांमुळे अशा छताचे त्रिकोणी भाग पडतात. येथे 1500च्या सुमारास चित्रकाराने प्रत्येक त्रिकोणात एकेक प्रसंग बसवला. त्यामुळे ही चित्रे छतापासून वेगळी काढून पाहताच येत नाहीत.

त्या चित्रकाराचे नाव अज्ञात आहे. बेटावरच्याच एल्मेलुंडे चर्चवरून अभ्यासक त्याला ‘एल्मेलुंडेचा उस्ताद’ म्हणतात. चुन्याच्या थरावर तांबूस, पिवळा, हिरवट, काळा असे मोजकेच रंग, मोकळ्या जागेत वेलबुट्टी आणि जड पापण्यांचे, कमालीचे शांत चेहरे ही त्याची खूण. बायबलमधील कथा निरक्षर शेतकऱ्यांनाही कळाव्यात, अशी ही मांडणी आहे. एका चित्रात दोन बायका कुजबुजत बसल्या आहेत आणि तुतिविलुस नावाचा सैतान त्यांच्या रिकाम्या गप्पा टिपून घेतो आहे. प्रवचनात लक्ष नसणाऱ्यांना याहून नेमका इशारा क्वचितच कोणी दिला असेल.

1536मध्ये डेन्मार्कने ल्यूथरपंथ (ख्रिस्ती धर्मातील एक प्रोटेस्टंट पंथ) स्वीकारल्यानंतरच्या काळात या चित्रांवर चुना फासला गेला. त्याच थराखाली ती टिकली आणि 1930च्या दशकात उघडी करण्यात आली. त्यांच्या जोडीला सुमारे 1350ची काही जुनी चित्रेही येथे आहेत. याच उस्तादाचे काम एल्मेलुंडे आणि केल्बी येथील चर्चमध्येही पाहायला मिळते. केल्बीत तर 13व्या शतकाच्या उत्तरार्धापासूनची चित्रे टिकून असल्याने दोन शतकांत शैली कशी बदलत गेली, हे एकाच छपराखाली तपासता येते.