पिस्टन फिरवायचा की ढकलायचा? मागच्या डिस्क बदलताना होणारी गफलत

गाडीच्या मागच्या ब्रेक डिस्क घरी बदलायला घेतल्या की काम सहसा डिस्कपाशी अडत नाही, डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिस्टनपाशी अडतं. पॅड झिजत गेले तसा पिस्टन बाहेर सरकलेला असतो. नवी डिस्क जाड, नवे पॅडही जाड. पिस्टन पुरता आत गेल्याशिवाय कॅलिपर त्यांच्यावर बसणारच नाही. पुढच्या चाकांना सी-क्लॅम्प, म्हणजे स्क्रूने आवळायचा शिकंजा, लावून आवळला की भागतं. तोच क्लॅम्प मागे लावला की नुकसान होतं, कारण मागचा कॅलिपर बऱ्याच गाड्यांत हँडब्रेकही सांभाळतो, आणि तो सांभाळण्याच्या दोन तऱ्हा आहेत.

एकाच समूहाच्या दोन गाड्या शेजारी ठेवून पाहू. एक स्कोडा लॉरा, म्हणजे भारताबाहेरची दुसऱ्या पिढीची ऑक्टाव्हिया. दुसरी 2005 साली आलेली फोक्सवॅगन पसाट, बी6 नावाच्या पिढीची. लॉरात दोन सीटांमध्ये ओढायचा हँडब्रेक, पसाटमध्ये डॅशबोर्डवर बटण. चाक काढल्यावर मात्र समोरून दोन्ही कॅलिपर जवळजवळ सारखेच दिसतात. फरक त्यांच्या पाठीला आहे. लॉराला तिथे स्प्रिंग लावलेली छोटी दांडी आणि तिला अडकवलेली केबल सापडेल. पसाटला काळ्या प्लॅस्टिकची डबी आणि तिच्यात घुसलेला प्लग. ती डबी म्हणजे मोटर.

नुसतं केबिनमधलं बटण पाहून ठरवू नका. काही गाड्यांत बटण दाबल्यावर मोटर गाडीच्या पोटाखाली बसून केबलच ओढते, आणि चाकापाशी जुन्या पद्धतीचा केबलवाला कॅलिपर असतो. म्हणून निवाडा नेहमी कॅलिपरच्या पाठीवर.

आता आत काय आहे ते. लॉराच्या पिस्टनच्या पोटात आटे पाडलेला दांडा आणि त्यावर नट असतो. पॅड झिजतील तसा हा नट आपोआप एकेक पाऊल पुढे येतो, म्हणूनच हँडब्रेकची ओढ वर्षानुवर्षं तेवढीच राहते. नट पुढे येतो, पण नुसत्या दाबाने मागे जात नाही. सी-क्लॅम्पने रेटलं तर एक तर पिस्टन हलत नाही, नाहीतर आतली यंत्रणा मोडून आत जातो. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण काम फत्ते झाल्यासारखं वाटतं. पायाचा ब्रेक नीट लागतो, आणि आठवड्याभराने लक्षात येतं की हँडब्रेक कितीही ओढला तरी त्या चाकाला धरत नाही. मग नवा कॅलिपर घेण्यावाचून इलाज नाही.

हा पिस्टन दाबत दाबत फिरवायचा असतो. त्याच्या तोंडावर खाचा असतात, त्यांत बसणारं पिस्टन फिरवायचं अवजार बाजारात मिळतं. लॉराला दोन्ही बाजूंना घड्याळाच्या दिशेने. काही कंपन्यांच्या गाड्यांत एका बाजूचे आटे उलटे असतात, त्यामुळे पिस्टन बाहेर यायला लागला तर लगेच थांबा. नुसता फिरवला तर जागच्या जागी फिरत राहतो, दाब आणि फिरवणं एकदमच हवं. इथे एक बारीक गोष्ट हमखास चुकते. पिस्टनभोवतीचं रबरी बूट त्याला चिकटलेलं असलं की पिस्टनबरोबर तेही पिळलं जातं, घडी पडते, फाटतं. मग पावसाळ्यात पाणी आत जाऊन पिस्टन गंजतो. आधी बुटाची कड बोटाने सुटी करून तिच्याखाली ब्रेकसाठीचं रबराला चालणारं ग्रीस बोटभर फिरवा. पिळ पडायला लागला तर अवजार थांबवून बूट हाताने सरळ करा आणि मगच पुढे जा.

ज्या गाड्यांत आतल्या पॅडच्या पाठीवर उंचवटा असतो, तिथे पिस्टन आत गेल्यावर खाच त्या उंचवट्यासमोर आणून ठेवावी लागते. नाहीतर पॅड तिरका टेकतो आणि एका बाजूने झिजतो.

पसाटचा हिशेब उलटा. इथेही पिस्टनच्या आत दांडा आणि नट आहेत, पण त्यांना मोटर हलवते. म्हणून पिस्टन फिरवायचा नाहीच, सरळ ढकलायचा, पण आधी नट मागे गेलेला पाहिजे. मोटरपासून दांड्यापर्यंत पट्टा आणि गिअर मिळून 1:150 चं गुणोत्तर आहे, म्हणजे मोटरच्या दीडशे फेऱ्यांत दांडा एकदा फिरतो. आट्यांची चढण इतकी कमी आहे की पिस्टनवर कितीही जोर लावला तरी दांडा उलटा फिरत नाही. गाडी बंद असतानाही ब्रेक धरून राहतो तो त्यामुळेच. बटणाने ब्रेक सोडला तरी नट थोडासाच मागे सरकतो, पिस्टनच्या पाठीमागेच उभा असतो. अशा वेळी क्लॅम्प आवळला तर सगळा भार नटावर आणि आट्यांवर येतो.

म्हणून स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कंट्रोल युनिटला आज्ञा देणारं उपकरण, जोडून पार्किंग ब्रेक सर्व्हिसच्या स्थितीत न्यायचा. दोन्ही मोटरींचा गुरगुर आवाज ऐकू येतो, नट पार मागे जातो, आणि मग साध्या क्लॅम्पने पिस्टन हळूहळू आत जातो. बॅटरी अशक्त असेल तर मोटर मध्येच थांबते, तेव्हा चार्जर लावून ठेवा. काम संपेपर्यंत इग्निशन बंद आणि किल्ली खिशात. डिस्क निघालेली असताना कोणी बटण दाबलं तर मोटर पिस्टन बाहेर काढेल, आणि मध्ये बोट असेल तर ती त्याची गय करणार नाही. मोटरला थेट 12 व्होल्ट देऊन नट मागे घेण्याची युक्ती सांगितली जाते, ती आम्ही सुचवत नाही. नट टोकाला पोचल्यावर करंट तोडायचं काम कंट्रोल युनिट करतं; तारा हातात धरणाऱ्याला तो क्षण कळत नाही आणि गिअर तुटतो.

तिसरी एक तऱ्हा आहे, ती ओळखून बाजूला ठेवा: डिस्कच्या मधल्या टोपीत हँडब्रेकसाठी छोटा ड्रम आणि शूज. तिथे कॅलिपरला केबलही नसते, मोटरही नसते, पिस्टन पुढच्यासारखाच ढकलायचा.

बाकीचं काम दोन्हीकडे सारखंच. हँडब्रेक सोडलेला असल्यामुळे गाडी गिअरमध्ये किंवा पी मध्ये ठेवायची, पुढच्या चाकांना ठोकळे लावायचे, आणि जॅकवर न विसंबता स्टँड द्यायचे. पिस्टन आत घालण्याआधी ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडून पातळी पाहा. कोणी मध्ये भर घातली असेल तर ऑइल उतू जातं आणि रंग खातं. कॅलिपर होजवर लोंबकळत सोडू नका, तारेने बांधा. त्याच्या मागच्या ब्रॅकेटचे बोल्ट लॉराला 14 मिमी ट्रिपल स्क्वेअरचे, म्हणजे बारा टोकांच्या खाचेचे, आहेत. सहा टोकांचा टॉर्क्स बिट जवळपास बसतो, पण जोर लावला की बोल्टचं तोंड खराब करतो. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या गाइड पिनचे बोल्ट दर वेळी नवे, 35 न्यूटन-मीटरला. चाकाचे 120 ला. डिस्क एकाच बाजूची कधीच बदलायची नाही.

हबचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा, खासकरून कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेतल्या गाडीचा. गंजाची पापडी डिस्कखाली राहिली तर नवी डिस्क किंचित डगमगत फिरते, आणि काही हजार किलोमीटरनंतर पेडल थरथरायला लागतं. दोष मग डिस्कला दिला जातो. नव्या डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने पुसून काढा.

जोडल्यावरचा क्रम मात्र पुन्हा वेगळा. दोन्हीकडे पहिल्यांदा पेडल टणक होईपर्यंत दाबायचं, गाडी हलवायच्या आधी. लॉरात त्यानंतर हँडब्रेक चार-पाच वेळा ओढून सोडायचा, आणि खाली वाकून पाहायचं की केबल सैल असताना कॅलिपरची दांडी आपल्या थांब्याला टेकते का. टेकत नसेल तर केबल जास्त ताणलेली आहे. ती तशीच ठेवली तर ब्रेक घासत राहतो आणि आतला नट पुढे येणं थांबतो. पसाटला पेडल दाबून झाल्यावर स्कॅनरने सर्व्हिसची स्थिती संपवायची, मग बटणाने ब्रेक तीनदा लावून सोडायचा, म्हणजे नट कुठवर जायचं ते कंट्रोल युनिटला पुन्हा कळतं. हे टाळून गाडी बाहेर काढली तर डॅशबोर्डवर दिवा पेटलेला राहतो आणि उतारावर ब्रेक भरवशाचा राहत नाही.