ट्रोलिंग, सहयोगी ज्ञानप्रकल्पांतील

मुक्त ज्ञानकोश, नकाशे यांसारख्या अनेकांनी मिळून चालवलेल्या प्रकल्पांत सहभागाचा देखावा करून चिथावणी, खोटी भर आणि निष्फळ वाद यांनी इतरांचे काम अडवण्याचा प्रकार.

युजनेट या इंटरनेटवरील जुन्या चर्चाजाळ्याच्या गटांत ‘ट्रोलिंग’ हा शब्द बहुधा १९८०च्या दशकाच्या अखेरीस रूढ झाला. ठळक दाखले १९९०च्या दशकातले आहेत. त्या काळी जुने सभासद मुद्दाम शिळा प्रश्न टाकून नवख्यांची फिरकी घेत. या खेळाचा उपद्रव केव्हा झाला, याविषयी एकमत नाही. ज्युडिथ डोनाथ (१९९९) फसव्या ओळखीवर भर देतात. शाखाफ व हारा (२०१०) हिब्रू विकिपीडियाच्या प्रचालकांच्या (देखरेखीचे अधिकार असलेल्या सदस्यांच्या) मुलाखतींवरून कंटाळा, लक्ष वेधणे आणि सूड हे हेतू नोंदवतात. चेंग व सहकारी (२०१७) यांच्या मते मनःस्थिती बिघडलेली आणि आधीची चर्चाही तिरकस असली, की एरवी सरळ वागणारा माणूसही असा वागू शकतो. प्रचालकाला पानाच्या इतिहासात (बदलांच्या नोंदीत) हेतू दिसत नाही, कृती दिसते. त्यामुळे वर्तनावर आधारलेली व्याख्या अधिक उपयोगी ठरते.

पान कोरे करणे, शिव्या लिहिणे हा उघड उत्पात सांगकामेही (आपोआप चालणारे प्रोग्राम) पकडतात. बारीक बदल मात्र निसटतो. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट व धोका पातळी ४५ फूट धरतात. लेखात कोणी ४५चे ५४ केले, तरी वाक्य शुद्धच राहते आणि शेजारचा संदर्भक्रमांक जागेवर असल्याने आकडा पडताळलेला वाटतो. मग दुसऱ्या खात्यावरून एखादी वेलांटी सुधारली जाते, आणि गस्त घालणारा तेवढाच शेवटचा बदल पाहून पुढे जातो. म्हणून शेवटची खात्रीची आवृत्ती आणि सध्याची आवृत्ती यांची थेट तुलना करावी लागते. तोवर आकडा इतरत्र उतरवला गेला, तर तीच नक्कल पुढे पुरावा म्हणून दाखवली जाते.

आकडा फिरवायला काही सेकंद लागतात, पडताळायला मूळ ग्रंथ शोधावा लागतो. मराठी विकिपीडियासारख्या (आरंभ २००३) मोजक्या सक्रिय संपादकांच्या प्रकल्पाला हे महागात पडते. चावडीवरच्या (सामायिक चर्चेच्या पानावरच्या) वादात गेलेली संध्याकाळ लेखाला मिळत नाही. शिवाय सुक्याबरोबर ओलेही जळते. कराडच्या एखाद्या महाविद्यालयातील संगणक कक्षाचा सामायिक आयपी पत्ता रोखला, की सारा वर्ग बाहेर राहतो. संदर्भ द्यायला विसरलेल्या नवख्याचे लेखनही संशयाने उलटवले (रद्द करून आधीची आवृत्ती परत आणली) जाते. असा माणूस सहसा परत येत नाही, आणि हे नुकसान कोणत्याही इतिहास-पानावर नोंदले जात नाही.

सातारा जिल्ह्यातील वाई येथून संपादित झालेल्या मराठी विश्वकोशात (पहिला खंड १९७६) तपासणी छपाईपूर्वीच होई; तेथे हा प्रश्न उद्भवला नाही, मात्र काम संथ चाले. मुक्त प्रकल्पात तपासणी प्रकाशनानंतर होते.

इंग्रजी विकिपीडियावर एका पानावर २४ तासांत ३हून अधिक वेळा उलटवण्यास मनाई आहे. उघड उत्पात त्याला अपवाद. अर्धसंरक्षित पान तेथे साधारणतः ४ दिवस जुन्या व १० संपादने केलेल्या खात्यालाच बदलता येते. खाते आधीच तयार करून ठेवणाऱ्यापुढे ही अट दुबळी पडते. उलटवताना बदलाच्या सारांशात ग्रंथाचा पृष्ठांक लिहून थांबावे; लांबलचक उत्तर दिले की वाद चर्चापानावर सरकतो.