सूर्याजवळ प्रकाश दुप्पट का वळतो?

२२ जुलै २००९ रोजी, दीप अमावास्येच्या सकाळी, खग्रास सूर्यग्रहणाची छाया वडोदरा, इंदूर, भोपाळ अशी सरकत गेली. ऐन पावसाळ्यातली ती सकाळ ग्रहण पाहायला अनुकूल नव्हतीच. सूर्य पूर्ण झाकला गेला की काही मिनिटे त्याच्या आसपासचे तारे छायाचित्रात टिपता येतात आणि सूर्याजवळून येताना त्यांचा प्रकाश किती वळला, हे मोजता येते, म्हणून खगोलशास्त्रज्ञांना अशा ग्रहणाचे मोल वेगळे वाटते.

हे वळण किती असावे, याचा जुना हिशेब न्यूटनच्या नियमांवरून मांडता येतो. सूर्याच्या व्यासाएवढे, म्हणजे सुमारे १४ लाख किलोमीटर अंतर प्रकाश ४.६ सेकंदांत कापतो; सूर्याच्या पृष्ठभागाशी गुरुत्वीय त्वरण पृथ्वीवरच्या २८ पट असते; त्यामुळे सूर्याच्या कडेला चाटून जाणाऱ्या किरणाला सूर्याकडे सेकंदाला साधारण सव्वा किलोमीटरचा वेग मिळतो. प्रकाशाचा स्वतःचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर असल्याने वळण येते जेमतेम ०.८७ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग). जर्मनीच्या सोल्डनर यांनी १८०१ मध्ये जवळपास हेच उत्तर काढले होते आणि आइन्स्टाइन यांचे १९११ मधील उत्तरही त्याच्याशी मिळतेजुळते होते.

१९१५ मध्ये आइन्स्टाइन यांचा सामान्य सापेक्षता सिद्धांत पूर्ण झाला आणि हे उत्तर दुप्पट, १.७५ विकला झाले. या साऱ्या विषयात मला हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते. यातला अर्धा भाग वस्तुमानाजवळ काळ मंदावतो त्यामुळे येतो आणि तो न्यूटनच्या हिशेबाशी जुळतो. उरलेला अर्धा भाग अवकाशाच्या वक्रतेचा आहे. प्रकाशाच्या मानाने फारच संथ असणाऱ्या ग्रहांवर या वक्रतेचा परिणाम नगण्य असतो, प्रकाशावर मात्र दोन्ही परिणाम सारखेच होतात. हा कोन किती सूक्ष्म आहे, हे पाहायचे तर इंदूरच्या राजवाड्यासमोर उभे राहून तीन किलोमीटरवर ठेवलेल्या अडीच सेंटिमीटर व्यासाच्या नाण्याची कल्पना करावी.

२९ मे १९१९ च्या ग्रहणात आफ्रिकेजवळील प्रिन्सिपे बेटावर ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांच्या छायाचित्रांतून १.६१ विकला, तर ब्राझीलमधील सोब्राल येथून १.९८ विकला एवढे वळण मिळाले. सोब्रालच्याच दुसऱ्या दुर्बिणीची, फोकस बिघडलेली छायाचित्रे ०.९३ विकला दाखवत होती. ती बाजूला ठेवल्यावरून पुढे बराच वाद झाला. क्वेसार म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकांची अतितेजस्वी केंद्रे; त्यांच्याकडून सूर्याजवळून येणाऱ्या रेडिओ लहरींचे वळण मोजता येऊ लागल्यावर ग्रहणाची गरजच उरली नाही, आणि या मापनांतून आइन्स्टाइन यांचे उत्तर टक्क्याच्या दहाव्या भागाहूनही अधिक नेमकेपणाने पडताळले गेले आहे.