शिक्षणशुल्क साहाय्य, नोकरदात्याचे

नोकरी सांभाळून शिकणाऱ्या कर्मचाऱ्याची फी कंपनीने पूर्ण किंवा अंशतः भरण्याची व्यवस्था. अमेरिकेत ती ‘ट्यूशन असिस्टन्स’ या नावाने ओळखली जाते आणि आरोग्यविमा, निवृत्तिनिधी यांच्याप्रमाणे नोकरीतल्या सवलतींत मोडते. पदवीसाठी कर्ज काढणे तिथे नेहमीचेच असल्याने कर्जाविना शिकण्याच्या मोजक्या वाटांपैकी ही एक आहे.

तिला बळ मिळाले ते करसवलतीमुळे. पूर्वी सध्याच्या कामाशी निगडित शिक्षणावरचा खर्चच करमुक्त धरला जाई. हिशेबनिसाला इतिहासाची पदवी घ्यायची असेल तर कंपनीने भरलेली फी त्याच्या पगारात मिळवून तिच्यावर कर लागे. १९७८ च्या महसूल कायद्याने प्राप्तिकर संहितेत कलम १२७ घातले आणि ही अट काढली. १९८६ मध्ये करमुक्त रकमेची वार्षिक मर्यादा ५,२५० डॉलर ठरली. या कलमाची मुदत पुनःपुन्हा संपे आणि पुनःपुन्हा वाढवून घ्यावी लागे. २०१३ च्या जानेवारीत ते कायमचे झाले. मर्यादेचा आकडा मात्र चाळीस वर्षे जागचा हलला नाही. महागाईनुसार तो वाढवण्याची तरतूद २०२५ च्या कायद्याने केली, तीही २०२६ नंतरच्या वर्षांसाठी. फी, पुस्तके व साहित्य यांचा खर्च या सवलतीत बसतो. राहणे, जेवण आणि प्रवास बसत नाही.

या रकमेत पदवी कशी होते? तिथे अभ्यासक्रम ‘क्रेडिट’ या एककात मोजतात आणि फीही त्याच हिशेबाने लागते. समजा, एका क्रेडिटची फी ३५० डॉलर आहे. तीन क्रेडिटचा एक विषय १,०५० डॉलरला पडतो, म्हणजे वर्षाला पाच विषय निघतात. पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात. या चालीने आठ वर्षे होतात! म्हणून माहीतगार विद्यार्थी पहिली दोन वर्षे स्वस्त कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांपर्यंतचे शिक्षण देणाऱ्या स्थानिक सार्वजनिक महाविद्यालयात काढतात आणि तिथले क्रेडिट पुढे विद्यापीठात वळवून घेतात. मर्यादा कॅलेंडर वर्षाची आणि शैक्षणिक वर्ष दोन कॅलेंडर वर्षांत विभागलेले, याचाही उपयोग करता येतो: एकाच शैक्षणिक वर्षाच्या फीला दोन कॅलेंडर वर्षांच्या मर्यादा लावता येतात.

पण योजनेचा खरा कस लागतो तो पैसे आधी कोण भरतो या प्रश्नावर. परतफेडीच्या पद्धतीत कर्मचारी ऑगस्टमध्ये स्वतःच्या खिशातून किंवा क्रेडिट कार्डावर फी भरतो, डिसेंबरमध्ये निकाल लागतो, ‘सी’ किंवा त्याहून चांगली श्रेणी मिळाली तर पावती आणि गुणपत्रक जोडून अर्ज करतो आणि पैसे हाती पडेपर्यंत नवीन वर्ष उजाडते. तोवर पुढच्या सत्राची फी दारात उभी असते. तासावर पगार घेणाऱ्या कॅशियरला किंवा गोदामातल्या कामगाराला इतके महिने एवढी रक्कम अडकवून ठेवणे झेपत नाही. योजना कागदावर सर्वांना खुली असते; प्रत्यक्षात तिचा लाभ ज्याच्या गाठीला आधीच पैसा आहे त्याला होतो. ही उणीव किरकोळ समजली जाते, ते योग्य नाही.

दुसऱ्या पद्धतीत कंपनी थेट विद्यापीठाला पैसे देते. वॉलमार्टने २०१८ मध्ये कर्मचाऱ्यांना दिवसाला एक डॉलर भरून ठरावीक संस्थांत पदवी घेण्याची सोय केली आणि २०२१ मध्ये तो डॉलरही माफ केला. स्टारबक्सने २०१४ मध्ये अरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या ऑनलाइन पदवीसाठी योजना आणली. पूर्ण फीची सोय सुरुवातीला शेवटच्या दोन वर्षांपुरती होती, २०१५ मध्ये ती चारही वर्षांना लागू झाली. अशा योजनांत संस्था आणि अभ्यासक्रम यांची निवड बरीचशी कंपनीची असते, ही किंमत कर्मचाऱ्याला मोजावी लागते.

प्रवेश घेण्याआधी मंजुरी लेखी घ्यावी. ती नंतर मागितली तर बहुतेक ठिकाणी अर्ज फेटाळला जातो. पदवीनंतर ठरावीक काळ, बहुधा वर्ष-दोन वर्षे, नोकरी न सोडण्याची अट अनेक करारांत असते आणि आधी सोडल्यास रक्कम परत करावी लागते. कामावरून कमी केल्यास काय, हे कलम त्याच करारात शोधून वाचावे. कंपनीने करमुक्त भरलेल्या फीवर शिक्षणाची वेगळी करवजावट मागता येत नाही. ती फक्त स्वतः भरलेल्या उरलेल्या रकमेवर मिळते.