बेल वाजते तेव्हा कुत्र्याला काय कळतं?

आमच्या दाराला आतून, जमिनीपासून दोन फुटांवर, नखांच्या ओरखड्यांचा पट्टा आहे. तिथलं पॉलिश पार उडालंय. ते राजाचं काम. बेल वाजली की तो सोफ्यावरून थेट दारावर झेपावायचा, आणि आम्ही कौतुकाने सांगायचो, "घर राखतो हो आमचा!" एका दुपारी ओटीपीसाठी मोबाइल शोधताना मी दार अर्धवट उघडं टाकलं आणि राजाने सिलिंडरवाल्या काकांच्या पोटरीत दात रोवले. काका मटकन खाली बसले, सिलिंडर जिन्याच्या कठड्याला जाऊन आदळला. दार मी उघडलं होतं. त्यामुळे राजाला दोष देण्याचा मला हक्कच नव्हता.

कुत्र्याच्या बाजूने हा प्रकार बघा. कुरिअरवाला येतो, कुत्रा जिवाच्या आकांताने भुंकतो, कुरिअरवाला निघून जातो. त्याचं काम झालं म्हणून तो गेला, हे आपल्याला ठाऊक असतं. कुत्र्याच्या लेखी मात्र आपण भुंकलो म्हणून तो पळाला. नको असलेली गोष्ट एखाद्या कृतीनंतर दूर झाली की ती कृती अंगवळणी पडते; मानसशास्त्रात याला ऋण प्रबलन म्हणतात. हल्ली घरोघरी दिवसातून चार-पाच पार्सलं येतात, म्हणजे हा धडा रोज चार-पाच वेळा गिरवला जातो. मग एखाद्या दिवशी समोरचा माणूस परत न जाता सिलिंडर घेऊन उंबरठा ओलांडतो. भुंकणं कामी येत नाही म्हटल्यावर कुत्र्यापाशी दात उरतात.

याची मुळं पिल्लूपणात असतात. अमेरिकेतल्या बार हार्बरच्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी वर्षानुवर्षं पिल्लांचा अभ्यास केला. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू ज्यांना भेटतं ते त्याला आपलेसे वाटतात, असं त्यांना दिसलं. आपण पंचेचाळीस दिवसांचं पिल्लू आणतो आणि लसी पूर्ण होईपर्यंत चार भिंतींत ठेवतो. बाहेरची माणसं दिसायला हवीत, नेमकी त्याच वयात ती दिसत नाहीत. कडेवर घेऊन गॅलरीत, जिन्यात, ओळखीच्या घरी नेता येतं. आम्ही तेवढंही केलं नव्हतं.

"आमचा लॅब्रॅडॉर आहे, तो काही करत नाही," हेही फार ऐकू येतं. २०२२ साली 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या, अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या अभ्यासात वागणुकीतल्या फरकापैकी जेमतेम ९ टक्के भाग जातीने उलगडला. मोठ्या जबड्याचा चावा जास्त खोल जातो, हे खरंच. पण नुसत्या जातीवरून कुणी निर्धास्त राहू नये.

मग साखळीने बांधून ठेवावं का? १९९४ साली अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरातल्या चावऱ्या आणि न चावणाऱ्या कुत्र्यांची तुलना प्रसिद्ध झाली. अंगणात साखळीने बांधलेला असण्याची शक्यता चावऱ्या कुत्र्यांमध्ये जवळपास तिप्पट आढळली. साखळीमुळेच ते चावरे झाले, असं यातून थेट सिद्ध होत नाही. पण बांधलेल्या जनावराला पळायला वाट नसते, एवढं तर कुणालाही पटेल. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार कायम बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं हीसुद्धा क्रूरताच आहे.

जानेवारी २०२३ मध्ये हैदराबादच्या बंजारा हिल्समध्ये जेवण पोचवायला आलेल्या एका तरुणाच्या अंगावर घरातला जर्मन शेफर्ड धावून आला. घाबरून त्याने तिसऱ्या मजल्यावरून उडी मारली आणि तो दगावला. ही बातमी मी तेव्हा वाचली होती आणि पान उलटलं होतं.

भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ अशा निष्काळजीपणाबद्दल सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही सांगतं. दारावर 'कुत्र्यापासून सावधान' लिहिल्याने ही जबाबदारी पाहुण्याच्या गळ्यात पडत नाही.

आमच्याकडे आता बेल वाजली की राजा आतल्या खोलीत जातो, त्या खोलीची कडी लागते, आणि मगच बाहेरचं दार उघडतं. हे शिकवायला दीड महिना लागला. आधी मोबाइलवर बेलचा आवाज अगदी हळू वाजवायचा आणि आतल्या चटईवर उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे टाकायचे. मग आवाज वाढवत न्यायचा. लहान मुलं आली तर घरातलं एक मोठं माणूस फक्त राजावर नजर ठेवतं. अंग ताठ होणं, तोंड मिटणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, विनाकारण ओठ चाटणं, या खुणा गुरगुरण्याच्या आधी येतात. गुरगुरला म्हणून फटका मात्र देऊ नका. पुढच्या वेळी तो न गुरगुरताच चावेल.

आणि चावलाच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा, घरच्या कुत्र्याला लस दिलेली असली तरी. काकांची सगळी इंजेक्शनं होईपर्यंत मी बरोबर जात होतो. औषधपाण्याचा आणि बुडालेल्या रोजाचा खर्च आम्ही दिला. आता ते आले की पहिल्या मजल्यावरूनच हाक मारतात, "कडी लावली का?" मी जाऊन कडी ओढून बघतो, आणि मगच "या काका" म्हणतो.