ॲक्शन फिगर : संग्रह आणि परीक्षण

कार्टून, चित्रपट, कॉमिक किंवा दूरचित्रवाणी मालिका यांतील पात्राची, सांध्यांत हलणारी आणि बहुधा प्लॅस्टिकची छोटी प्रतिकृती म्हणजे ॲक्शन फिगर. सांध्यांची हालचाल ही तिची मुख्य ओळख होय. दिवाळीच्या किल्ल्यावर मांडलेला मातीचा मावळा घडवताना दिलेल्या पवित्र्यातच कायम उभा राहतो. ॲक्शन फिगरला मात्र गुडघ्यावर बसवता येते, मान वळवता येते, हातातले हत्यार काढून दुसरे देता येते. अशा फिगर जमवणे, त्या जपणे आणि त्यांच्या घडणीची बारकाईने तपासणी करून लेखी किंवा चित्रफितीच्या स्वरूपात परीक्षण करणे असा हा तिपेडी छंद असून तो प्रथम अमेरिकेत व जपानमध्ये रुजला.

‘ॲक्शन फिगर’ हा शब्दच मुळी एका संकोचातून जन्मला. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यातल्या हॅस्ब्रो कंपनीने १९६४ मध्ये ‘जी. आय. जो’ हा १२ इंची सैनिक बाजारात आणला. त्याचे कपडे बदलता येत असत, त्यामुळे ती वस्तू सरळसरळ बाहुलीच होती; पण मुलगे बाहुली घेणार नाहीत आणि त्यांचे वडीलही ती घेऊ देणार नाहीत, या भीतीने कंपनीने ‘बाहुली’ हा शब्द वर्ज्य केला आणि ‘ॲक्शन फिगर’ हे नवे नाव रूढ केले. या पहिल्या जोच्या उजव्या अंगठ्याचे नख चुकून बोटाच्या आतल्या बाजूला कोरले गेले होते. ती चूक कंपनीने तशीच ठेवली, कारण नक्कल करणारा कोण हे तिच्यावरून ओळखता येत असे. आजही जुना जो हातात आला की जाणकार संग्राहक आधी त्याचा उजवा अंगठा पाहतो.

बाहुली की खेळणे, हा प्रश्न पुढे न्यायालयातही गेला. अमेरिकेच्या तेव्हाच्या आयात शुल्कात मानवाकृती बाहुल्यांवर १२ टक्के, तर इतर खेळण्यांवर ६.८ टक्के आकार होता. टॉय बिझ या कंपनीने आपल्या एक्स-मेन (मार्व्हल कॉमिकमधील, जन्मतः अलौकिक शक्ती लाभलेली पात्रे) आणि इतर फिगर माणसाच्या नसून अमानवी प्राण्यांच्या आहेत असा दावा केला आणि २००३ मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने तो मान्य केला. कमी शुल्काचा लाभ कंपनीला मिळाला, पण चाहते दुखावले. कारण वेगळे असलो तरी आम्ही माणसेच आहोत, हेच तर एक्स-मेनच्या कथेचे मर्म आहे.

चित्रपटांशी या खेळण्यांचे नाते घट्ट केले ते सिनसिनाटी येथील केनर कंपनीने. मेगो या त्या काळच्या आघाडीच्या कंपनीने नाकारलेला ‘स्टार वॉर्स’चा परवाना केनरने घेतला, परंतु १९७७ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा खेळणी तयार नव्हती. त्या वर्षीच्या नाताळात केनरने पुठ्ठ्याचे एक रिकामे पाकीट विकले. त्यात पोस्टाने पाठवायचे एक प्रमाणपत्र होते आणि ते भरून पाठवणाऱ्या मुलांना १९७८ मध्ये ल्यूक, लेया, च्युबाका आणि आर-टू-डी-टू अशा चार फिगर घरपोच मिळाल्या. केनरने उंची १२ इंचांवरून पावणेचार इंचांवर आणली. १९७३ च्या तेलटंचाईनंतर महागलेले प्लॅस्टिक हे त्याचे एक कारण होते. दुसरे असे की, एवढ्याशा वैमानिकाला बसता येईल असे अंतराळयान मुलाला परवडेल अशा किमतीत बनवता येत होते. खेळण्यांचे वाहन आणि त्यातला माणूस एकाच मापात आल्यामुळे मुलांना एका खेळण्याऐवजी अख्खे जग जमवण्याची ओढ लागली. संग्राहकाची आजची वृत्ती त्या पावणेचार इंचांतून घडली, असे म्हणण्यास जागा आहे.

कार्टूनच्या बाबतीत क्रम उलटा झाला. मॅटेल या अमेरिकी खेळणी कंपनीचा ‘ही-मॅन’ हा बलदंड योद्धा १९८२ मध्ये खेळणे म्हणून आधी आला आणि त्याची कार्टून मालिका १९८३ मध्ये त्याच्यामागून आली. अमेरिकेत मुलांच्या कार्यक्रमांवरील आणि जाहिरातींवरील सरकारी बंधने त्या दशकात सैल होत गेल्याने हे शक्य झाले. १९८४ मध्ये आलेल्या ‘ट्रान्सफॉर्मर्स’ची कथाही अशीच आहे : जपानच्या टाकारा कंपनीच्या ‘डायाक्लोन’ आणि ‘मायक्रोमॅन’ या मालिकांतील यंत्रमानव हॅस्ब्रोने घेतले, त्यांना नावे, स्वभाव आणि दोन तट दिले आणि मग त्यावर कार्टून रचले. मालिका म्हणजे अर्ध्या तासाची जाहिरात, ही त्यावर झालेली टीका खोटी नव्हती. तरीही त्या जाहिरातींनी जन्माला घातलेली पात्रे चार दशके टिकली, हेही तितकेच खरे आहे.

१९८२ मध्ये जी. आय. जो पावणेचार इंचांत परतला, तेव्हा त्याच्या आतल्या रचनेने या माध्यमाची इयत्ताच बदलली. धडाच्या आत काळ्या रबराची एक छोटी गोल रिंग असते, जिला संग्राहक ‘ओ-रिंग’ म्हणतात. पायांना जोडणारा धातूचा आकडा, कमरेचा तुकडा आणि वरचे धड यांना ही एकटी रिंग ताणून धरते, म्हणून जो कमरेत वाकतो, वळतो, बसतोही. तीस-चाळीस वर्षांनी ही रिंग वाळून तुटते आणि फिगरचे दोन तुकडे होतात. दुरुस्ती अवघड नसते : पाठीवरचा एक स्क्रू काढायचा, धडाचे दोन भाग उघडायचे, नवी रिंग आकड्यात अडकवून कमरेतून वर ओढायची, हात खांद्याच्या खाचेत बसवायचे आणि स्क्रू परत आवळायचा. मात्र स्क्रू जरासा जास्त आवळला तर जुने प्लॅस्टिक तडकते. पहिल्यांदा हे करताना हात थरथरतोच, आणि फिगर पुन्हा ताठ उभी राहते त्या क्षणी हा छंद कायमचा जडतो.

मुलांचे खेळणे म्हणून बनलेली वस्तू प्रौढांसाठी बनू लागली ती १९९० च्या दशकात. मॅकफार्लेन टॉईजने १९९४ पासून ‘स्पॉन’ या कॉमिकवर आधारित, कोरीव तपशिलांनी भरलेल्या फिगर आणल्या. त्यांना हालचाल बेताचीच होती, पण मूर्तिकाम पाहत राहावे असे होते. २००२ मध्ये टॉय बिझने सुरू केलेल्या ‘मार्व्हल लेजेंड्स’ने सहा इंची माप आणि भरपूर सांधे यांचा मेळ घातला, ही मालिका पुढे हॅस्ब्रोकडे गेली. जपानमध्ये कायोडो कंपनीची ‘रिव्होल्टेक’ २००६ मध्ये, तर मॅक्स फॅक्टरीची ‘फिग्मा’ आणि बांदाईची ‘एस. एच. फिगुआर्ट्स’ या मालिका २००८ मध्ये आल्या. बदलता येणारे पंजे आणि चेहरे ही त्यांची खासियत आहे. हाँगकाँगच्या हॉट टॉईजने १२ इंची मापात अभिनेत्यांचे चेहरे इतके हुबेहूब उतरवले की छायाचित्रात खरा नट कोणता हे क्षणभर कळू नये.

संग्रहाच्या दोन मुख्य परंपरा आहेत. वेष्टनातून काढलेल्या फिगरला ‘लूज’ म्हणतात आणि पुठ्ठ्याच्या कार्डावर पारदर्शक फुग्यात न उघडता ठेवलेल्या फिगरला ‘कार्डेड’. कार्डेड संग्राहकासाठी कार्डाची मागची बाजू महत्त्वाची असते, कारण तिच्यावर मालिकेतील किती फिगरची चित्रे छापली आहेत यावरून उत्पादनाचा काळ ठरतो. ज्या कार्डामागे केवळ १२ चित्रे आहेत, ते केनरच्या स्टार वॉर्सचे अगदी आरंभीचे कार्ड होय. याच संचातील जावा या ठेंगण्या पात्राला सुरुवातीस प्लॅस्टिकचा झगा होता. लहान आकाराच्या खेळण्यावर तो अगदीच स्वस्त दिसतो म्हणून लवकरच कापडी झगा देण्यात आला. परिणामी प्लॅस्टिकच्या झग्याचा जावा दुर्मीळ झाला आणि दुसऱ्या फिगरचा झगा कापून बनवलेले नकली जावाही बाजारात आले. झग्याच्या कडेवरील कात्रीची खूण पाहणे, हातबाहीचे छिद्र तपासणे, प्लॅस्टिकची जाडी बोटांनी जोखणे या गोष्टी नवा संग्राहक जुन्याकडूनच शिकतो.

दुर्मीळतेच्या दुसऱ्या टोकाला स्टार वॉर्समधलेच बोबा फेट हे पात्र आहे. पाठीवरून रॉकेट सुटणारा बोबा फेट केनरने १९७९ मध्ये जाहीर केला होता. परंतु दुसऱ्या एका कंपनीच्या खेळण्यातील क्षेपणास्त्र घशात अडकून एक मूल दगावले होते, त्यामुळे रॉकेट सुटणारी रचना रद्द झाली आणि मुलांना रॉकेट पक्के बसवलेली फिगर मिळाली. कारखान्यात उरलेल्या मोजक्या नमुन्यांपैकी एकाला २०२४ मधील लिलावात ५,२५,००० डॉलर मिळाले. अशा किमतींमुळे गुणांकनाचा व्यवसायही उभा राहिला आहे : ॲक्शन फिगर ऑथॉरिटी ही अमेरिकी संस्था फिगर, कार्ड आणि फुगा तपासून शंभरपैकी गुण देते व वस्तू ॲक्रिलिकच्या पेटीत बंद करून पाठवते. विमा आणि खरेदी-विक्री यांसाठी ही सोय उपयुक्त असली, तरी ज्या वस्तूचे सारे कौशल्य तिच्या सांध्यांत आहे ती कधीही न हलणाऱ्या पेटीत बंद होते, याची हळहळ अनेक संग्राहकांना वाटते आणि ती योग्यच आहे.

भारताचे या इतिहासातील स्थान बहुतेक विदेशी संग्राहकांना ठाऊक आहे, आपल्याकडे मात्र कमी जणांना. एमआरएफ समूहातील फनस्कूल कंपनी १९८७ मध्ये हॅस्ब्रोच्या सहकार्याने स्थापन झाली. तिच्या कारखान्यांपैकी एक गोव्यात आहे. अमेरिकेत वापरून झालेले साचे आणून फनस्कूलने जी. आय. जोच्या फिगर भारतात बनवल्या आणि १९९४ मध्ये अमेरिकेतील ती मालिका थांबल्यानंतरही हे उत्पादन चालू ठेवले. रंग मात्र इथले होते. अमेरिकेत हिरवा किंवा करडा असलेला गणवेश भारतीय आवृत्तीत भलत्याच झगझगीत रंगात येई, कधी एका फिगरचे अवयव दुसरीला जोडलेले आढळत. कोणे एके काळी परगावच्या दुकानदाराने मागच्या फळीवर टाकलेली ही कार्डे आज अमेरिकेतील संग्रहांत मानाने टांगलेली दिसतात. मॅटेलच्या परवान्याखाली लिओ कंपनीने भारतात बनवलेल्या ही-मॅनच्या फिगरनाही अशीच मागणी आहे. मुंबई-पुण्याच्या घरांतील माळ्यावरच्या खोक्यांत असे तुकडे अजूनही सापडतात. हत्यारे हरवलेली असली तरी ते टाकून न देता जपून ठेवावेत, कारण भारतीय खेळणी-उद्योगाचा तो पुरावा आहे.

परदेशी फिगर भारतात मागवणे अलीकडे महाग झाले आहे. खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. शिवाय १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्युरोचे आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. मुलांच्या सुरक्षिततेसाठी हा नियम रास्त असला, तरी थोड्या संख्येने आयात होणाऱ्या मालिका त्यामुळे दुकानांत कमी दिसू लागल्या.

वस्तू हाताळण्यापूर्वीच पैसे मोजावे लागतात, म्हणून परीक्षणाला महत्त्व आले. अमेरिकेत १९९० च्या दशकात या विषयाला वाहिलेली मासिके निघत. १९९७ मध्ये सुरू झालेले ‘टॉयफेअर’ त्यांपैकी सर्वांत लोकप्रिय होते आणि ते २०११ मध्ये बंद पडले. आता हे काम मुख्यतः चित्रफितींतून होते. चांगला परीक्षक वेष्टन दाखवून पुढे जातो आणि वेळ देतो तो चार गोष्टींना : मूर्तिकाम, रंगकाम, सांधे आणि सोबतची साधने. उंची तो पट्टीने मोजतो आणि त्याच मापाच्या परिचित फिगरशेजारी नवी फिगर उभी करून दाखवतो, कारण संग्राहकाला ती आपल्या फळीवर कशी दिसेल हे जाणून घ्यायचे असते.

खरी कसोटी सांध्यांची. मनगट कोणत्या दिशेला वाकते, या एका प्रश्नावर जाणते परीक्षक दीर्घ चर्चा करतात, आणि ती निरर्थक नसते. मनगट आत-बाहेर वाकत असेल तर तलवार पुढे रोखता येत नाही, ती छताकडे पाहत राहते. वर-खाली वाकले तरच पात्याची रेघ हाताच्या रेघेत येते. स्त्री पात्रांच्या कोपराला बराच काळ एकच सांधा दिला जात असे, त्यामुळे त्यांचा हात काटकोनापुढे वाकत नसे. परीक्षकांनी वर्षानुवर्षे ही उणीव दाखवून दिली आणि हळूहळू दुहेरी सांधे आले. हॅस्ब्रोने प्लॅस्टिक टाळण्यासाठी खिडकी नसलेली खोकी आणली, तेव्हा चेहऱ्याचा रंग न पाहताच फिगर घ्यावी लागते हे गाऱ्हाणे पुढे आले, आणि २०२३ मध्ये कंपनीने खिडकी परत आणण्याचे जाहीर केले.

कंपनीने फुकट पाठवलेल्या नमुन्याचे परीक्षण करताना ते तसे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. भारतात जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरील प्रभावकांसाठी मार्गदर्शक तत्त्वे लागू केली असून फुकट मिळालेली वस्तूही त्यांत मोडते. स्वतःच्या पैशाने घेतलेल्या फिगरचे, तिला महिनाभर हाताळून केलेले परीक्षण जास्त मोलाचे ठरते. पहिल्या दिवशी घट्ट वाटणारा घोटा महिन्याभरात सैल पडून फिगर फळीवरून कोसळते की नाही, हे पहिल्या दिवशी कळत नाही.

जतन हा या छंदाचा अखेरचा आणि कष्टाचा भाग होय. पांढरे एबीएस हे कडक प्लॅस्टिक अतिनील किरणांनी पिवळे पडते. पीव्हीसी या मऊ प्लॅस्टिकमधून त्याला मऊ ठेवणारे द्रव्य कालांतराने बाहेर झिरपते, फिगर चिकट होते आणि तिला लागून ठेवलेल्या दुसऱ्या प्लॅस्टिकवर डाग किंवा खड्डे पडतात. म्हणून तलवार फिगरच्या हातात वर्षानुवर्षे तशीच ठेवू नये. काही ट्रान्सफॉर्मर्समध्ये वापरलेले सोनेरी झाक असलेले प्लॅस्टिक तर खोक्यात पडल्या पडल्या ठिसूळ होऊन तुटते आणि त्यावर उपाय नाही. घट्ट बसलेला सांधा जोर लावून फिरवण्याऐवजी तो अर्धा मिनिट गरम पाण्यात धरावा, मग तो सहज सुटतो. कोकणपट्टीत आणि मुंबईत पावसाळ्याचे चार महिने कार्डांचा पुठ्ठा ओल धरून वाकतो, फुग्याचा गोंद सुटतो. अशा घरांत कार्डे भिंतीला न टेकवता बंद पेटीत, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतात आणि गणपती येण्याआधी त्या पुड्या एकदा बदलतात.