वात, काचपेटी आणि तरवा: सेल्फ वॉटरिंग किटची पार्श्वभूमी

वैशाख लागला की कोल्हापुरातल्या काही घरांत अजूनही तुळशीवर गळती बांधतात. बुडाला बारीक भोक पाडलेलं मडकं, भोकात कापडाची वात आणि दिवसभर थेंब थेंब पाणी. माझी आई जुन्या धोतराची चिंधी फाडून ही वात वळायची. पीळ सैल पडला तर दुपारपर्यंत मडकं रिकामं, जास्त आवळला तर थेंबच सुटत नाही. म्हणून ती दोन-तीनदा वात उलगडून पुन्हा वळायची, थेंब पडायची लय बघायची आणि मगच मडकं वर चढवायची.

बियाण्यांच्या दुकानात हल्ली रोपं आणि कलमं तयार करायला 'सेल्फ वॉटरिंग किट' मिळतं. खाली पाण्याची टाकी, मध्ये वात किंवा पाणी ओढणारी चटई, वर कप्प्यांचा ट्रे आणि त्यावर पारदर्शक झाकण. वस्तू नवी दिसते, पण तिचा एकेक भाग वेगळ्या मुलखातून आणि वेगळ्या अडचणीतून आला आहे.

गळतीत पाणी स्वतःच्या वजनाने खाली येतं. किटमध्ये ते वर चढतं, समईच्या वातीत तेल चढतं तसं. हे केशाकर्षण. नळी जितकी बारीक तितकं पाणी उंच जातं: १ मिलिमीटर व्यासाच्या काचनळीत जेमतेम ३ सेंटिमीटर, ०.१ मिलिमीटरच्या नळीत ३० सेंटिमीटरच्या आसपास. कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या, बारीक पोकळ्या नेमकं हेच काम करतात. मात्र कप्पा भरताना मध्ये फट राहिली, की तिथे पाण्याची साखळी तुटते आणि टाकी भरलेली असूनही वरचं रोप सुकतं.

झाडाला लागेल तेवढंच पाणी जमिनीखालून द्यायची युक्ती फार जुनी. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातल्या एका चिनी शेतीग्रंथात खड्ड्याच्या मधोमध मडकं तोंडापर्यंत पुरून, भोवती वेलाच्या बिया लावायची रीत सांगितली आहे. बिनलुकणाच्या, म्हणजे चकाकीचा थर न दिलेल्या, मडक्यातून पाणी झिरपतं आणि भोवतालची माती सुकली की ते जास्त ओढलं जातं. आपल्याकडे कोरडवाहू रानात फळझाडं जगवायला मडका सिंचन करतात, त्यामागेही हेच आहे. पण ही सोय मुळं असलेल्या झाडाची. कापून लावलेल्या फांदीला मुळंच नसतात. ती पानांतून पाणी घालवत राहते आणि खालून फारसं काही घेऊ शकत नाही. तिला आधी ओली हवा लागते, आणि तिथे मडक्याचा उपयोग नाही.

ओल्या हवेचं उत्तर लंडनमधल्या एका डॉक्टरला अपघाताने सापडलं. नॅथानिएल वॉर्ड यांना नेच्यांचा (फर्नचा) फार नाद, पण कोळशाच्या धुराने त्यांच्या बागेतले नेचे टिकत नव्हते. १८२९ मध्ये त्यांनी पतंगाचा कोष ओलसर मातीत ठेवून काचेची बाटली झाकणाने बंद केली. काही दिवसांनी त्या मातीतून एक नेचा आणि एक गवत उगवलं. दिवसा वाफ काचेवर जमायची, ओघळून पुन्हा मातीत मुरायची. पाण्याचा एक थेंबही न घालता ती झाडं जवळजवळ चार वर्षं जगली आणि झाकण गंजून पावसाचं पाणी आत शिरलं तेव्हा गेली. मला या गोष्टीतलं ते गंजलेलं झाकण कायम आठवतं. पाण्यावाचून चार वर्षं तगलेली झाडं शेवटी पाणी शिरल्यावरच गेली.

१८३३ मध्ये वॉर्ड यांच्या काचपेट्या झाडांसकट जहाजाने सिडनीला निघाल्या आणि तिथे झाडं हिरवी उतरली. पुढे रॉबर्ट फॉर्च्यून या ब्रिटिश वनस्पतिसंग्राहकाने चीनमधून चहा भारतात आणला तो याच पेट्यांतून. चहाचं बी प्रवासात उगवणशक्ती गमावतं. म्हणून त्याने ते पेटीतल्या मातीतच पेरलं, आणि समुद्रावरच त्याची रोपं झाली. रोपं वाढवायची पेटी म्हणून तिचा एवढा मोठा उपयोग त्याआधी झालेला माझ्या माहितीत नाही. पुढे चहाची लागवड भारतातल्या काही भागांत पसरली. आपल्या पन्हाळ्याच्या परिसरातही शाहू महाराजांनी चहा-कॉफीचे प्रयोग करून पाहिले.

कप्प्यांचा ट्रे सर्वांत उशिरा आला. राधानगरी, भुदरगड, गगनबावड्याकडे भाताचा तरवा, म्हणजे लावणीसाठीची कोवळी रोपं, आजही जमिनीतच टाकतात, त्याआधी पालापाचोळा, शेणी पसरून जागा भाजतात. मिरचीचं, तंबाखूचं तरू गादीवाफ्यावर वाढतं. उपटताना मुळं तुटतात, रोप दोन-चार दिवस मान टाकतं. ही मोड टाळायला १९६०-७० च्या दशकांत फ्लोरिडातल्या भाजी-रोपवाटिकांनी खाली निमुळत्या कप्प्यांचे थर्मोकोलचे ट्रे काढले. पुढे अमेरिकेतल्या तंबाखूवाल्यांनी तेच ट्रे उथळ पाण्यावर तरंगत ठेवले. वरून झारी नाही, पाणी खालून चढतं. किटमधली टाकी या तरंगत्या वाफ्याची सख्खी बहीण.

कोल्हापुरात ट्रे घरोघरी पोचवला तो उसाने. पूर्वी दोन किंवा तीन डोळ्यांच्या कांड्या थेट सरीत लावायचो. आता एक डोळ्याचं रोप ट्रेमध्ये कोकोपीटवर तयार होतं, आणि शिरोळ, हातकणंगले भागात रोपवाटिकेतून रोपं आणून लावण करणं नित्याचं झालं आहे. बेणं कमी लागतं, नांग्या, म्हणजे न उगवलेल्या मोकळ्या जागा, कमी पडतात.

किटने वात आणि झाकण एकत्र आणले, पण दोन्हींची गरज एकाच वेळी क्वचितच असते. मी स्वतः श्रावणात मोगऱ्याच्या बारा काड्या लावल्या, टाकी काठोकाठ भरली आणि झाकण लावून टाकलं. आठव्या दिवशी बाराही बुडाशी काळ्या पडल्या. हवाच इतकी दमट की पाणी उडेना, आणि गच्च भिजलेल्या कोकोपीटमध्ये कापाला हवा मिळेना. टोमॅटोच्या कोवळ्या रोपांवर झाकण राहिलं तर तीही अशाच ओलीत कोलमडतात. आता काड्यांना झाकण ठेवतो आणि टाकी कोरडी. बी उगवून आलं की झाकण काढतो आणि वात सोडतो.

किटसोबत आलेली सुती वात एका हंगामात कुजली. तेव्हापासून मी जुन्या नायलॉनच्या साडीची कड फाडून वळतो. टाकीत सोडण्याआधी एक टोक वाटीभर पाण्यात आणि दुसरं वरच्या कोरड्या कागदावर टेकवून बघतो. कागद ओला व्हायला वेळ लागला तर पीळ उलगडतो आणि पुन्हा वळतो.